कुंदीची ताई

मी चौथीत असताना बाबांनी मला गोष्टीत घातलं आणि परत बाहेर काढायचं विसरले. बाबा पुलगावात शाळामास्तर होते. नागपूरहून मुलांचं एक मासिक निघायचं, त्यात ते अधूनमधून काहीबाही लिहायचे. कधी ताऱ्यांची माहिती, कधी पाढे पाठ करायच्या युक्त्या. छापून आलं की अंक शाळेतल्या टेबलावर सहज विसरल्यासारखा ठेवून यायचे. एकदा मी शेजारची बकरी वर्गात नेली. नेली म्हणजे ती आपणहून आली, मी फक्त मागून दार लोटून घेतलं. त्या दिवशी मला छड्या बसल्या आणि बाबांना गोष्ट सापडली. मासिकात ती 'कुंदीच्या करामती' या नावाने आली. माझं नाव कुंदा. दुसरं नाव शोधायची तसदीही त्यांनी घेतली नव्हती. गोष्टीतली कुंदी नऊ वर्षांची होती, मीही नऊ वर्षांची होते, आणि आम्हा दोघींत काही फरक आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

आमचं घर कापडगिरणीच्या मागच्या आळीत होतं. दोन खोल्या, पुढे सपरी म्हणजे उघडी पडवी, मागे न्हाणी आणि कडुलिंबाचं झाड. घरात घड्याळ होतं, पण ते बाबांच्या मनगटावर असायचं; आईचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. पहाटेच्या भोंग्याला चूल, दुपारच्या भोंग्याला भाकरी. रुळांवरून मालगाडी गेली की बोलणं मध्येच थांबवायचं आणि ती गेली की तिथूनच पुढे सुरू करायचं, हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. कधी दूर लष्कराच्या डेपोकडे जुना दारूगोळा निकामी करत, तेव्हा मोठा धमाका होई आणि मांडणीवरचे पेले एकमेकांना लागत. पाहुणे दचकायचे, आम्ही जेवत राहायचो. घरात माणसं तीनच. मला भाऊ-बहीण नाही. आई बोलायची कमी आणि बाबा शाळेतच इतकं बोलून यायचे की घरी त्यांच्याजवळ शब्द उरत नसत. रविवार तेवढा माझा असायचा.

बाबांची लिहिण्याची एक रीत होती. गोष्ट लिहून झाली की रविवारी सकाळी सपरीत चटई टाकायची, मला समोर बसवायचं, ओंजळभर फुटाणे द्यायचे आणि वाचायला लागायचं. आत आई सांबारवडी तळत असायची. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, पुण्याकडच्या वाचकांनी इडली मागू नये.) मी हसते की नाही याकडे बाबांचं लक्ष नसे. ते म्हणत, लेकरं मोठ्या माणसाला खूश करायला हसतात, हसण्यावर भरवसा ठेवू नये. त्यांचा कान माझ्या दातांकडे असे. फुटाण्यांचा कुरुमकुरुम आवाज चालू राहिला की ते वाक्य कच्चं. चावणं थांबलं आणि तोंड तसंच राहिलं की ती जागा जमली. मग ते तिथे पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचे. कच्च्या जागा पुन्हा लिहायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा फुटाणे. शाळेत ते साऱ्या गावच्या पोट्ट्यांचे गुरुजी होते, पण त्या चटईवर ते कान देऊन फक्त माझं ऐकत होते. आयुष्यात पुढे मला माणसं भेटली, काहींनी प्रेमही केलं, पण माझ्या चावण्याकडे इतकं लक्ष कुणी दिलं नाही.

गोष्टीतलं घर आमचंच होतं आणि आमचं नव्हतंही. आम्ही 'मले-तुले' बोलणारी माणसं. कुंदी मात्र 'मला-तुला' बोलायची, कारण संपादकांना तसं हवं होतं. कुंदीच्या आईच्या कपाळाला कधी आठी पडत नसे. ती सदा हसतमुख, हातात लाडवांचा डबा. आमच्या आईने एकदाच एक गोष्ट भाकरी थापता थापता ऐकून घेतली आणि शेवटी विचारलं, "ही बाई कोन हाये?" बाबा हसले, पण आई गंमत करत नव्हती. त्यानंतर ती कुंदीच्या वाटेला गेली नाही.

त्यात सुख नव्हतं असं म्हटलं तर पाप लागेल. बाजारात भाजीवाली मला वर एक पेरू द्यायची. यवतमाळची, भंडाऱ्याची मुलं 'कुंदीस आशीर्वाद' अशी पत्रं पाठवायची. आशीर्वाद मोठ्यांनी द्यायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मी काही केलं की तिथेच संपत नसे. झाडावरून पडले तर गुडघा आठवड्यात बरा होई, पण ते पडणं छापून येई आणि चांदा ते बुलढाणा सगळीकडे मी पुन्हा पुन्हा पडत राही. आपण कधीच संपणार नाही असं वाटायला लावणारी गोष्ट होती ती, आणि त्या वयात तसं वाटायला फार लागतही नाही.

मी दहाची झाले, अकराची झाले. कुंदी नऊचीच राहिली. फ्रॉक मला वर चढू लागले, मग परकर-पोलकं आलं. बाराव्या वर्षी आईने नदी बंद केली. आमच्या गावाला वर्धा नदी लागून आहे आणि मी तिच्यात पोहत असे, मुलांपेक्षा बरी पोहत असे. आई म्हणाली, आता पुरे झालं, लोक पाहतात. ज्या महिन्यात माझी नदी सुटली, त्याच महिन्यात कुंदीने पुरात उडी मारून वाहून चाललेलं करडू बाहेर काढलं. तो अंक मी वाचला आणि मला तिचा जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही. पाणी माझं, पोहणं माझं, आणि भिजली ती.

आणि मग लक्षात आलं की गोष्ट ऐकताना माझं चावणं थांबतच नाही. गोष्टी वाईट झाल्या नव्हत्या, मीच त्यांच्यातून मोठी झाले होते. बाबांची पेन्सिल कागदावर टेकायची वाट पाहत तशीच राही. ते मला पाहवेना. मग मी अंदाजाने चावणं थांबवू लागले. बकरी आली की थांब, कुणी चिखलात पडलं की थांब. बाबा खुशीत टिंब देत. पण नागपूरहून एक गोष्ट परत आली, मग दुसरी परत आली. बाबांनी फुटाण्यांच्या डब्याचं झाकण लावता लावता माझ्याकडे पाहिलं तेवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात मी शहाणी झाले. आमच्याकडे चार दिवस बाजूला बसायची रीत होती. आईने मागच्या खोलीत कोपऱ्यात पोतं अंथरलं, वेगळा पेला, वेगळी थाळी दिली, आणि काय शिवायचं नाही ते सांगून ती कामाला लागली. मधेच रविवार आला. बाबा मला बोलवायला दारापर्यंत आले, मी कोपऱ्यात बसलेली पाहिली, आणि चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे मान खाली घालून मागे फिरले. गोष्ट तर द्यायची होती. थोड्या वेळाने त्यांनी शेजारच्या छबूला हाक मारलेली मी ऐकली. छबू गिरणीतल्या फिटरची मुलगी, कुंदीहून जराशी लहान, समोरचे दात नुकतेच आलेले. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. फुटाणे, बाबांचा आवाज, फुटाणे. मग फुटाणे थांबले. खरंच थांबले. खरं थांबणं आणि माझं सोंगाचं थांबणं यात किती अंतर होतं ते मला पोत्यावर बसून कळलं. बाबांचा आवाज एकदम तरतरीत झाला, तसा तो माझ्यासमोर कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

पाचव्या दिवशी मी न्हाऊन घरात आले. पुढच्या रविवारी चटईवर छबूच होती. बाबा मला म्हणाले, आता तू आईला हातभार लावत जा. रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी अदबीने बोलले, घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं. त्यानंतर त्यांनी माझ्या डोक्यावर कधी टप्पल मारली नाही की वेणी ओढली नाही. बाप मुलीपासून असे दूर होतात, त्यात काही विशेष नाही, हे मला नंतर मैत्रिणींकडून कळलं. त्यांच्या बापांनी मात्र मुलीची एक धाकटी प्रत स्वतःजवळ ठेवून घेतलेली नव्हती.

हल्ली मी वर्ध्याला राहते, एकटी. वरच्या मजल्यावर दुसरीतली एक मुलगी आहे. जेवताना तिची आई तिला मोबाईलवर गोष्टी लावून देते. परवा जिना चढताना ऐकू आलं, कुणी बाई साखर घोळवल्यासारख्या आवाजात कुंदीची करडाची गोष्ट वाचत होती. मी कठड्याला धरून सगळी ऐकली. गिरणी बंद झाली, भोंगा गेला, कडुलिंब तोडून तिथे कुणी दुकानाचे गाळे काढले, आई-बाबांना जाऊन वर्षं झाली. कुंदीच्या घरी मात्र अजून चूल पेटलेली आहे आणि करडू ओलं आहे. याला वरदान नाही तर काय म्हणायचं. फक्त ते ज्याच्या नावाने मिळालं त्याला घरात प्रवेश नाही. ती मुलगी मला आजी म्हणते. गोष्टीतली कुंदी मीच, असं तिला सांगावंसं फार वाटलं. नाही सांगितलं. तिला ते खरं वाटलं नसतं, आणि वाटलं असतं तर तिने माझ्याकडे जसं पाहिलं असतं तसं पाहून घ्यायची आता माझी हिंमत नाही. तसं एकदा पाहून झालेलं आहे.

छबू चटईवर येऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हा मासिकाने वर्ध्याला बालमेळावा ठरवला होता. मुलांना कुंदीला बघायचं आहे, तिला घेऊन या, असा संपादकांचा निरोप आला. मी तेव्हा चौदावं संपवत आणलं होतं. बाबा तो निरोप मनात घेऊन काही दिवस नुसतेच फिरले आणि मग एकदा जेवताना त्यांनी विषय काढला. आई म्हणाली, त्यात विचारायचं काय, मुलगी घरात आहे, घेऊन जा. बाबांनी वरणात भाकरी कुस्करली. म्हणाले, लेकरं हिरमुसतील. आणि छबूच्या घरी मी विचारून ठेवलंय. मासिकातल्या चित्रात कुंदीला ठिपक्यांचा फ्रॉक असायचा, तो माझाच होता आणि पेटीत पडून होता. तो छबूला होईल असं बाबा म्हणाले, आणि आईकडे पाहिलं.

"मी नाई काढत फ्राक," आई म्हणाली. "ज्याची गोष्ट त्यानं काढावा."

मी हात धुऊन उठले आणि पेटीतून फ्रॉक काढून आणला. आई माझ्याकडे बघतच राहिली. मोठं मन वगैरे काही नव्हतं त्यात. फ्रॉक मी दिला तर छबूला सांभाळायला म्हणून मला नेतील, आणि वर्ध्यापर्यंत गाडीत बाबांशेजारी बसायला मिळेल, एवढाच माझा हिशोब होता. पितळी तांब्यात निखारे घालून मी त्या फ्रॉकला इस्त्रीही केली.

मेळाव्याला एका शाळेचं सभागृह मुलांनी भरलं होतं. छबूला खुर्चीवर बसवून हार घातला. मुलं रांगेने येऊन तिला हात लावून जात होती, बकरी कशी आहे, करडू मोठं झालं का, असं विचारत होती. छबू हुशार, तिने सगळ्या गोष्टी इतक्यांदा ऐकलेल्या की ती न अडखळता उत्तरं देत होती. मी तिच्या चपला आणि पाण्याची बाटली घेऊन मागे उभी होते. नागपूरहून आलेल्या एक बाई, बहुधा संपादकांच्या घरच्या, बाबांचं कौतुक करत होत्या. बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर आली आणि त्यांनी विचारलं, आणि ही मोठी कोण?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. हसून सांगितलं असतं की खरी कुंदी हीच, तर चार माणसं हसली असती आणि विषय संपला असता. छबूचंही काही बिघडलं नसतं.

"ही कुंदीची ताई," बाबा म्हणाले.

त्या बाईंनी माझ्या गालाला हात लावला. रांगेतल्या एका मुलीने हे ऐकलं होतं. ती मला नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, मग तू गोष्टीत का नाहीस? मी म्हटलं, मी घरी असते. तिला ते पटलं असावं, ती पुढे सरकली.

संध्याकाळच्या पॅसेंजरने परतलो. छबू हारासकट माझ्या मांडीवर झोपली. बाबा समोर खिडकीशी बसले होते. बाहेर कपाशी वेचून झालेली रानं मागे जात होती. शेजारी बसायचं म्हणून मी आले होते आणि शेजारची जागा छबूच्या पायांनी घेतली होती. रडू येत होतं, पण बाबांसमोर रडणंही आता जमण्यासारखं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, कुंदीचा वाढदिवस करा."

"कोन्त्या कुंदीचा?"

"गोष्टीतल्या."

त्यांनी वाकून छबूच्या गळ्यातला हार सारखा केला. मग घरच्या बोलीत, हळू आवाजात म्हणाले, "पोरी, ती दहाची झाली का उद्या अकराची होईन. मंग तिची आई तिले नदीवर जाऊ देईन का? तू वाढली, त्यात माह्या हाती काईच नव्हतं. तिचं माह्या हाती हाये. तिले तरी राहू दे."

बाबांनी मला एवढं मनातलं त्याआधी कधी सांगितलं नव्हतं, त्यानंतरही नाही. माझ्या वाढण्याचं त्यांनाही दुःख होतं हे मला त्या डब्यात कळलं. पण त्या दुःखात मी त्यांच्या कामाची नव्हते. मला एवढंच हवं होतं की कुंदी एक पाऊल पुढे यावी. दहाची झाली असती तर कधीतरी अकराची झाली असती, बाराची, चौदाची. आणि चौदा वर्षांची मुलगी कशी असते हे लिहायला बाबांना मान वर करून माझ्याकडे पाहावं लागलं असतं.

"एकच वर्स वाढवा," मी म्हटलं. "मंग मी काई मागत नाई."

"करतो," बाबा म्हणाले.

ते शब्दाचे पक्के होते, म्हणून मी वाट पाहिली. रविवारी चटईवर वाचन सुरू झालं की मी मुद्दाम कपडे धुवायला न्हाणीत जायची आणि जोरजोरात आपटायची, म्हणजे ऐकू येणार नाही. एक अंक गेला, दुसरा गेला. मधे मला पंधरावं लागलं. आईने शिरा केला आणि ओवाळलं. बाबा परीक्षेचे पेपर तपासत होते, त्यांनी चष्म्यावरून पाहून 'मोठी हो' म्हटलं. मग एका संध्याकाळी बाबा शाळेतून अंक टेबलावर न विसरता थेट घरी घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. 'कुंदीचा वाढदिवस.' वर तिचं पानभर चित्र होतं, पाटावर बसलेली, पुढे निरांजन.

मी चुलीजवळ आईशेजारी बसून वाचायला लागले. गोष्ट चांगली होती. खोटं कशाला सांगू, इतकी चांगली गोष्ट बाबांनी आधी लिहिली नव्हती. ओवाळायच्या ताटातली फुलं बकरीने खाल्ली, शिरा तळाला लागला, तो करपलेला शिरा पाहुणे नाव न ठेवता खात राहिले. मी खळखळून हसले. शेवटी सगळे निघून जातात आणि कुंदी पाटावर एकटीच बसून राहते, आपण मोठ्या झालो म्हणजे नेमकं काय झालं याचा विचार करत. तोंडात फुटाणे असते तर ते तिथे खरेच थांबले असते. आणि मग शेवटची ओळ होती: 'अशी आपली कुंदी आज नऊ वर्षांची झाली.'

छापताना चूक झाली असेल म्हणून मी ती पुन्हा वाचली. मान वर केली तर बाबा दारात उभे होते, अजून शाळेच्याच कपड्यांत, आणि माझ्या चेहऱ्याकडे पूर्वीसारखे कान देऊन पाहत होते. त्यांच्या तोंडावर नुसता आनंद होता. त्यांनी मला फसवलं नव्हतं. वाढदिवस मागितला, त्यांनी मनापासून केला. नऊच्या पुढे कुंदीला काही असतं, हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"जमलं का?" त्यांनी विचारलं.

"जमलं," मी म्हटलं.

अंक घेऊन ते छबूला दाखवायला गेले. त्यांची पावलं सपरीतून उतरून गेली. आईने तव्यावरची भाकरी उलटली.

"कितीची केली?"

"नवाची."

"अन् तू?"

"पंधरावं लागलं न, आई."

"मले माईत हाये," आई म्हणाली, आणि ती भाकरी माझ्या ताटात टाकली.